गुलाल पडलेली जीप

पाचोड,
१५ फेब्रुवारी १९८७

चि. विश्वजित यास यमुनामावशीचे आशीर्वाद.

परवा तुझ्याकडून निघाले, ती एस.टी.त आडूळपर्यंत उभ्यानं आणि पुढं एका कोंबडीवालीच्या टोपलीशेजारी बसून सुखरूप पोचले. पोचल्याचं कळव म्हणालास, म्हणून हे पत्र. दुसरं कारण असं, की जे ठरलं ते लिहून ठेवलेलं बरं, असं आमच्या महिला मंडळातल्या बायकांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, अगं, माझ्या मावसबहिणीचा मुलगा तो, माझ्याच हातावर जन्मलेला. तर पारूबाई म्हणाली, "भाचा हाय म्हणूनच म्हणते, बाई." तिला बोलण्याचा पोच नाही. तू मनावर घेऊ नकोस.

तर ठरलं ते असं. तुझ्या दुकानातली कोपऱ्यातली पांढरी जुनी जीप आम्ही घेतली. किंमत बावीस हजार. इसार कडूबानं तिथल्या तिथं तुझ्या हातावर ठेवला आणि तू तो कपाळाला लावून खिशात घातलास. बाकीचे पैसे शिमगा झाला की घेऊन येते. बायकांची पोस्टातली पुस्तकं मोडायची आहेत, त्याला तेवढा वेळ लागणारच.

कडूबाचं तुला फार हसू आलं, ते मी पाहिलं. तो बैलबाजारातला दलाल. आमच्या पाचोडच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली हात घालून बोटं धरतात. दोन बोटं, मग पुन्हा दोन, झाले बावीस. तुझ्या त्या काचेच्या केबिनमध्ये पांढरा सफारी घातलेला तू आणि मुंडासं बांधलेला तो, रुमालाखाली हात घालून बसलात, तेव्हा तुझे कारकून बाहेरून माना वाकडावाकडी करून बघत होते. मग त्यानं पुडी काढून जीपच्या बॉनेटवर गुलाल टाकला. सौदा झालेल्या बैलाच्या पाठीवर टाकतात तसा. एकदा गुलाल पडला की त्या जनावराला दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाही. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण टाळी तूही दिलीस.

कडूबा काही हरिश्चंद्र नाही. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून तो तरणा म्हणून खपवतो. माझ्या देखत खपवलाय. पण एकदा हात झाला की फिरत नाही. म्हणून त्याला बरोबर आणला.

जीप कशाला, हे तुला तिथं सांगितलं. पण तुझं लक्ष फोनकडं होतं, म्हणून पुन्हा लिहिते. वस्त्यांवरचे बैल सगळे चारा छावणीत गेलेत. बैल नाही म्हणजे गाडी नाही. बाळंतपणाला अडलेल्या बाईला वस्तीवरून पाचोडच्या दवाखान्यात आणायचं कसं? दवाखान्याची गाडी दवाखान्यापासून तुमच्या घाटीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत. वस्त्यांच्या खडकाळ वाटेनं ती येत नाही. मी नर्स म्हणून तीस वर्षं या वाटा तुडवल्या, आता गुडघे चालत नाहीत. पारूबाईच्या सुनेचे, मेघाचे, दिवस चैत्रात भरतात. पहिली खेप आहे आणि पोरगी अंगानं अगदी काटकुळी. तिचा नवरा इंद्रजीत वाळूजच्या कारखान्यात स्कूटरी जोडतो. एवढ्या गाड्या त्याच्या हाताखालून जातात, आणि बायकोसाठी घरी एक नाही.

सांडू म्हणून एस.टी.तून निवृत्त झालेला ड्रायव्हर आहे, तो चालवणार. टायर तेवढे बघून ठेव. मृण्मयीला आशीर्वाद.

तुझी
यमुनामावशी


औरंगाबाद,
२४ फेब्रुवारी १९८७

ती. यमुनामावशीस विश्वजितचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मृण्मयीला वाचून दाखवलं, आम्ही पोट धरधरून हसलो. कडूबा म्हणजे नग आहे अगदी. क्लबात ती रुमालाची गोष्ट मी तीनदा सांगितली, दर वेळी लोकांनी पुन्हा सांगायला लावली.

एक छोटीशी अडचण आहे, ती तू समजून घेशीलच. तू गेलीस आणि दोनच दिवसांत एक कंत्राटदार आले. दुष्काळी कामांवर फिरायला त्यांना जीप हवीय. सध्या टँकरवाले, खडीवाले, पाझर तलाववाले, सगळे जीपच्याच मागं लागलेत. इकडं सिडकोत घरं उठतायत, वाळूजला कारखान्यावर कारखाना. आशिया खंडात सगळ्यात वेगानं वाढणारं शहर म्हणतात आपल्याला. शहर वाढलं की भाव वाढतो, त्यात माझ्या हातात काय आहे? आज त्या जीपचा भाव अठ्ठावीस आहे, आणि तोही मावशी म्हणून.

शिवाय बावीस म्हणजे टायर, बॅटरी आणि वरचं हूड सोडून, असं माझ्या मनात होतं. रुमालाखाली ते सांगायला बोट उरलं नाही.

आणि खरं सांगू का, बोटं धरली म्हणजे करार होत नाही. रुमालाखालचं कुणी पाहिलं? कडूबाला बावीस वाटले असतील, मला वाटलं नुसती गंमत चाललीय. धंदा वेगळा, नातं वेगळं. नात्यात मी तुला कधीच नाही म्हणणार नाही. इसाराचे पैसे मनिऑर्डरनं परत पाठवतोय. वरचे सहा जमत असतील तर जीप तुझीच समज.

ऊन आतापासूनच कडक झालंय, तब्येतीला जप.

तुझा
विश्वजित


पाचोड,
१ मार्च १९८७

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

मनिऑर्डर आली, ती मी घेतली नाही. पुंडलिक पोस्टमननं विचारलं, "बाई, पैसे नको म्हणणारं माणूस पहिल्यांदा बघतोय, काय लिहू?" मी म्हटलं, लिही, सौदा झालेला आहे. त्याला कागदावर तेवढी जागा नव्हती, त्यानं नुसतं 'नाकारले' लिहिलं.

टायर सोडून, बॅटरी सोडून, हूड सोडून! मग बाबा, बावीस हजारांत तू मला विकलंस तरी काय, भोंगा? आमच्या बाजारात बैल विकताना पाय वेगळे धरत नाहीत. तुझं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं. बायका क्लबातल्या लोकांइतक्या हसल्या नाहीत. आशाबाईनं तेवढं विचारलं, "मग सीटा धरल्यात का, का त्या बी घरून न्यायच्या?"

कडूबाला सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा आता शिव्या घालणार. त्यानं घातल्या नाहीत. तंबाखू मळत एवढंच विचारलं, "गुलाल पुसला का त्यानं?" मी म्हटलं, पुसला असेल. तर म्हणतो, "मंग त्यालाच भोगावं लागंल. आपुन कशाला बोलायचं?" आणि बाजाराला निघून गेला. आता बाजाराला म्हणजे एकट्या पाचोडच्या नव्हे. हा माणूस चार तालुक्यांचे बाजार करतो आणि चहाला बसला की गोष्टी सांगतो. तुला क्लबात गोष्टी सांगायची हौस आहे, त्याला बाजारात.

तू जन्मलास ते तुझ्या आईनं कधी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. तेव्हाही दुष्काळच होता. मी नुकती शिकून आलेली कोवळी नर्स, आणि तू पायाकडून आलास. पायाळू. तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, "यमुने, काही कर, काय मागशील ते देईन." मी काही मागितलं नाही आणि मध्येच भावही वाढवला नाही. लोक म्हणतात पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी सापडतं, म्हणून विहिरीची जागा दाखवायला त्याला नेतात. तुला पाणी काही सापडलं नाही. तुला दुष्काळात पैसा सापडला.

नातं वेगळं, धंदा वेगळा म्हणतोस. ठीक आहे. मग धंद्याचंच बोलते. सौदा बावीसचा आहे, इसार तुझ्याकडं आहे, शिमग्यानंतर पैसे घेऊन येते.

यमुनामावशी


औरंगाबाद,
१२ मार्च १९८७

तीर्थस्वरूप, मातृतुल्य, परमपूज्य यमुनामावशींच्या चरणी बालक विश्वजितचे शिरसाष्टांग दंडवत. वि. वि.

आपलं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपण मला जन्म दिलात म्हटलं तरी चालेल, हे उपकार मी सात जन्म विसरणार नाही. आपल्या आशीर्वादानंच या फर्मचं नाव आज जालना रोडवर आहे.

परंतु आपल्याला इथल्या परिस्थितीची कल्पना नाही. कडूबानं टाकलेला तो गुलाल निघता निघत नाही. बॉनेटच्या फटीत, बिजागरीत, काचेच्या रबरात जाऊन बसलाय. इथं नळाला पाणी येतं तेही गुळण्या करण्यापुरतं. मला गाडी धुवायला टँकर मागवावा लागला. तो खर्च, रंगाचा हात आणि पॉलिश धरून जीप आता एकतीसला जाते. हे मी नफा न धरता लिहितोय, देवाशप्पथ.

कंत्राटदार येत्या सोमवारी ती घेऊन जाणार आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी मावशींना विचारू द्या. आपण रागावू नये म्हणून दुसरी सोय काढली आहे. एक जुनी फियाट आहे, रंग सुंदर, आत टेप आहे. खडकाळ रस्त्यावर जरा जपून घ्यावी लागेल, पण शहरात फार छान चालते. ती आपल्याला मी बावीसला देईन. माझा शब्द बावीसचा होता ना? तो मी पाळतो आहे.

आपला आज्ञाधारक
विश्वजित


औरंगाबाद,
२४ मार्च १९८७

ती. यमुनामावशींस सौ. मृण्मयीचा सा. न.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुम्हीही यांना सांगू नका.

तुमच्या पहिल्या पत्रातला रुमालाचा भाग तेवढा यांनी मला वाचून दाखवला होता, आणि मी हसले होते. जीप कशाला हवी, हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "म्हातारपणची हौस." तो उरलेला भाग मी काल वाचला. मला फार लाज वाटली, मावशी.

कंत्राटदार एक आले होते खरे, पण अठ्ठावीसला नव्हे. वीसला मागत होते आणि तेही उधारीवर. ते गेले ते गेलेच. त्यानंतर कुणी गिऱ्हाईक टिकत नाही. अजिंठ्याकडचे एक शेतकरी आले. त्यांनी इंजिन पाहिलं नाही, चाकं पाहिली नाहीत. बॉनेट उचललं, फटीत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "सौदा झाल्याली दिसती की ओ. आमाला नको." दौलताबादचे एक पेरूवाले तर दारातूनच विचारते झाले, "ती पाचोडची जीप हीच व्हय?" आणि बघून गेले. विकत घ्यायला नव्हतेच आले, बघायलाच आले होते.

हे रोज ती धुवायला लावतात. पाणी पडलं की सगळी गाडी गुलाबी होते, वाळली की पांढरी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठूनतरी ओघळ येतो. रंगपंचमीला शेजारच्यांनी तक्रार केली, की लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गाडीशी रंग खेळता. गॅरेजच्या मिस्त्रीनं हात टेकले. म्हणाला, "साब, ये रंग नहीं है, किसीकी हाय है. पेट्रोल से भी नहीं निकलती."

मी काल यांना म्हटलं, देऊन टाका मावशींना. तर म्हणाले, आता दिली तर बाजारात नाव जाईल. मी म्हटलं, नाव कुठं राहिलंय? तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

मेघा कशी आहे?

मृण्मयी


पाचोड,
९ एप्रिल १९८७

विश्वजित,

आशीर्वाद आज मनातून येत नाही, म्हणून लिहीत नाही. पुढं कधी आला तर पाठवीन.

परवा सकाळी मेघाच्या पोटात कळा सुरू झाल्या. वस्तीवर ना बैल, ना गाडी. बाजेवर घालून उचलावं, तर पुरुष सगळे तलावाच्या कामावर गेलेले. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीला जाणारा पाण्याचा टँकर आला. पारूबाई रस्त्यात आडवी उभी राहिली. मोतीराम ड्रायव्हर भला माणूस, तो म्हणाला, "बसवा केबिनमधी, पण भरल्या टाकीनं ह्या वाटंवर बैलाच्या चालीनं जावं लागंल. जोरात घेतला तर उलटंल."

मग पारूबाईनं मागं जाऊन तोटी उघडली.

तुला हे कळायचं नाही, म्हणून समजावून लिहिते. हंडाभर पाण्यासाठी जिथं सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथं त्या बाईनं टँकरभर पाणी मातीत सोडलं. बाकीच्या बायका रिकामे हंडे घेऊन बघत उभ्या होत्या. एकीनंही हंडा लावला नाही, का तर तेवढा वेळ जाईल. पलीकडच्या वस्तीला पुढं दोन दिवस पाणी मिळालं नाही. त्या लोकांनीही तक्रार केली नाही.

दवाखान्याच्या अलीकडं ओढ्याच्या पुलावर केबिनमध्येच मुलगी झाली. निरोप मिळताच मी पाचोडहून समोरून चालत निघाले होते, पोचले तेव्हा मोतीराम डोळे मिटून स्टिअरिंगला धरून बसला होता. पोरगी रडत होती, ती ठीक. मेघाचं रक्त थांबेना. दवाखान्यातून तिला लगेच घाटीला पाठवलं. मी बरोबर गेले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ओठ कागदासारखे झाले होते.

जालना रोडनंच गेलो. तुझ्या दुकानावरून. सोमवारी कंत्राटदार नेणार म्हणालास, म्हणून मी शिमग्यानंतर पैसे घेऊन आले नाही, ती जीप दारात उभी होती. तिला झेंडूचा हार घातलेला आणि वर फळा, 'खास पाडवा सवलत'. मी मेघाच्या नाडीवर बोट ठेवून तो फळा वाचला.

मेघा वाचली. घाटीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. तो उशीर होऊ नये म्हणून जीप घेतली होती, बाळा. हौस म्हणून नव्हे. मला तुझा राग आलाय आणि तो जाण्याचं लक्षण दिसत नाही.

फियाटमधला टेप ऐकत बस.

यमुना


औरंगाबाद,
१७ एप्रिल १९८७

आदरणीय व वंदनीय मावशी,

कृ. सा. न. वि. वि.

मेघाबाईंची बातमी वाचून वाईट वाटलं आणि त्या वाचल्या हे वाचून फारच आनंद झाला. देवाची कृपा.

मी बराच विचार केला. पैशाचा विषयच नको. ती जीप मी आपल्या मंडळाला विनामूल्य देतो आहे. फुकट. व्यापारीही समाजाचं काही देणं लागतो, या विचाराचा मी आहे, फक्त बोलून दाखवत नाही.

एक लहानसा कार्यक्रम करू. दोन्ही दारांवर लाल अक्षरांत 'विश्वजित मोटर्स, औरंगाबाद यांजकडून माता-भगिनींना सप्रेम भेट' असं लिहून घेतो. पेंटरला सांगून ठेवलंय. आमच्या ओळखीचे एक पुढारी फीत कापायला यायला तयार आहेत. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर मी आणतो. मेघाबाईंना बाळाला घेऊन जीपजवळ उभं करता आलं, तर फोटो चांगला येईल. त्यांनी शक्यतो नवं लुगडं नेसावं, ते मी पाठवतो. कडूबा नाही आला तरी चालेल.

इसाराचे पैसे अर्थातच परत करीन.

आपला
विश्वजित


पाचोड,
२१ एप्रिल १९८७

विश्वजित,

तुझं पत्र मी मेघाला वाचून दाखवलं. ती अजून उठून बसते तेवढंच. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लुगडं परत द्यावं लागंल का फोटू झाल्यावर?" मग पहिल्यांदा हसली. एवढ्यापुरता तुझा उपयोग झाला, तेवढं मान्य करते.

इंद्रजीत सुट्टी घेऊन आलाय, त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "मावशी, आपल्या दारात दुसऱ्याचं नाव लिवलेली गाडी नको. लई पिढ्या आपण दुसऱ्याच्या मेहेरबानीवर काढल्या. बाबासाहेबांनी त्यातनं बाहेर काढलं, ते पुन्हा असल्या जीपमधी बसायला नाय." पंचवीस वर्षांचं पोरगं ते.

कडूबाचंही ऐक. तू बोलवलं नाहीस तरी तो येणार आहे, कारण कार्यक्रम तुझा नाही, त्याचा आहे. बाजारात ज्यानं हात मोडला, म्हणजे रुमालाखाली दिलेला शब्द फिरवला, त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. त्याला मोकळं व्हायची एकच वाट असते. भरल्या बाजारात यायचं, खाली बसायचं, त्याच दलालाच्या रुमालाखाली पुन्हा हात द्यायचा, सगळ्यांच्या देखत. फीत नाही, पुढारी नाही. फोटोग्राफर आणलास तर बैलांचे फोटो काढील. तेही यंदा फार काढण्यासारखे राहिले नाहीत.

मेच्या पहिल्या बाजाराला जीप घेऊन ये. दारावर एक अक्षर नको. आणि ती धुऊ नकोस.

नाही आलास तर काही होणार नाही. कडूबा गोष्ट सांगत राहील एवढंच. आता तर तिला शेवटही चांगला मिळालाय. टँकरच्या तोटीवर आला की बायका डोळ्यांना पदर लावतात म्हणे, आणि पाडव्याच्या फळ्यावर आला की पुरुष थुंकतात.

यमुना


औरंगाबाद,
२७ एप्रिल १९८७

मावशी,

येतो.

विश्वजित


पाचोड,
४ मे १९८७

चि. सौ. मृण्मयीस यमुनामावशीचे अनेक आशीर्वाद.

विश्वजित घरी पोचला असेल. तो काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

काल बाजारात बैल थोडे आणि बघे फार, अशी गत होती. जे बैल होते त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. त्यात हा जीप घेऊन आला, त्याच पांढऱ्या सफारीत. एकटा. मला वाटलं होतं निदान एखादा कारकून तरी आडोशाला आणील. जीप त्यानं बैलांच्या रांगेत उभी केली आणि उतरून कुणाकडं बघावं हे न कळून माझ्याकडं बघितलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही.

कडूबानं खाली पोतं टाकलं. हा मांडी घालून बसला. सफारीत मांडी घालणं सोपं नसतं, शिवण उसवल्याचा आवाज मला आला. ती बघून घे. कडूबानं रुमाल टाकला, दोघांनी हात आत घातले. आणि मग बराच वेळ काही होईना. दलालाचा हात असा थांबत नाही. लोक पुढं सरकले. कडूबाच्या कपाळावर आठ्या, आणि तुझ्या नवऱ्याची मान खाली.

रुमालाखाली काय झालं ते दलाल कुणाला सांगत नाही. पण संध्याकाळी कडूबानं मला सांगितलं, आणि मी तुला सांगते, कारण हे तुला कळायला हवं. विश्वजितनं मूठ मिटून पुढं केली होती. एकही बोट नाही. म्हणजे फुकट घ्या. या वेळी फोटोग्राफर नव्हता, पुढारी नव्हता, आणि रुमालाखाली ते कुणाला दिसणारही नव्हतं. पहिल्यांदा हा पोरगा न दाखवता काही द्यायला निघाला होता.

कडूबानं ती मूठ उघडली. जोर लावून, एकेक बोट सोडवून. दोन बोटं धरून दाबली, मग पुन्हा दोन. आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "फुकटचं जनावर दावणीला टिकत नाय, साहेब. अन् उपकार लई चरतो, दुष्काळात तो पोसायचा कुणी? बावीस म्हंजी बावीस."

बाकीचे पैसे मंडळातर्फे पारूबाईनं दिले. विश्वजित न मोजताच खिशात घालायला लागला, तर तिनं हात धरला. "मोजा, पाहुणं. उद्या म्हणाल, बाया अडाणी होत्या, कमी भरले." भर उन्हात, अख्ख्या बाजारासमोर त्यानं ते मोजले. आमच्या बायकांनी पोस्टातनं काढलेल्या, घडी पडलेल्या लहान लहान नोटा त्या. मोजताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. उन्हानं आलं, असं मी आजूबाजूच्यांना सांगितलं.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे त्याला सांग. पण काल मी त्याला ताक दिलं.

मग गुलाल. बॉनेटवर पडला आणि रिवाजाप्रमाणं देणाऱ्या-घेणाऱ्याच्या अंगावरही पडला. पारूबाईनं तुझ्या नवऱ्याला डोक्यापासून बुटापर्यंत माखला. तिनं हात आखडता घेतला नाही, हे मला कबूल करायला हवं. त्याला वाटत होतं, सांडू त्याला जीपनं औरंगाबादला सोडील. तसा तो पुढच्या सीटवर जाऊनही बसला. तेवढ्यात माळावरच्या वस्तीवरून निरोप आला, एक बाई अडलीय. सांडूनं त्याला उतरवलं आणि जीप निघाली. ती धूळ बसेपर्यंत हा रस्त्यावर उभा होता. बाई सुखरूप पोचली, मुलगा झाला, हे त्याला सांग. तो एस.टी.नं गेला, त्यामुळं त्याला कळलं नाही. आडूळपर्यंत उभ्यानं जावं लागलं असेल. पुढं कोंबडीवालीशेजारी जागा मिळते.

तो सफारी धुवायला घेशील, तर ऐक. तिकडंही पाणी नाही. एक हंडा वाया घालवू नकोस. धुतल्यानं गुलाल जात नाही, हे आता तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझी
यमुनामावशी